लाकडाच्या बॉयलरचा पंप अडला तर काय पाहायचं: महाबळेश्वर-पाचगणीकडच्या लॉज आणि वसतिगृहांसाठी

लाकडाच्या बॉयलरवर नव्याने काम करणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की पंप बंद पडला तरी भट्टी बंद पडत नाही. गिझरचं बटण दाबलं की उष्णता थांबते. ओंडक्यांना बटण नसतं. पोटभर जळण घातलेली भट्टी पुढे तास-दोन तास उष्णता देतच राहते आणि ती वाहून नेणारा पंप थांबला, तर बॉयलरमधलं पाणी उकळीकडे निघतं. म्हणून या लेखाचा क्रम आधी आग, मग पाणी आणि शेवटी पंप असा आहे. पुष्कळदा शेवटच्या पायरीपर्यंत जायची वेळही येत नाही. ‘पंप गेला’ म्हणून काढलेल्या पंपांतले बरेचसे चांगले असतात आणि दोष पाण्यात, हवेत, जाळीत किंवा वायरीत सापडतो.

इथे गृहीत धरलेली रचना अशी: इमारतीबाहेर शेडमध्ये लाकडाचा बॉयलर, वर हवेला उघडी असलेली छोटी एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी) आणि व्हेंट पाइप (वाफ आणि हवा बाहेर सोडणारा), बॉयलरमधून जाणारा आणि परतीचा असे दोन पाइप, इमारतीत आत कॉइल असलेली गरम पाण्याची टाकी. बॉयलरचं पाणी कॉइलमधून फिरून परत येतं आणि नळाला येणारं पाणी टाकीत वेगळं तापतं. पंपाला पाणी उपसायचं नसतं, तेच ते पाणी गोल फिरवत ठेवायचं असतं. विहिरीवरच्या मोटारीची सवय असलेल्यांचा घोळ इथेच होतो. ‘टाकी दुसऱ्या मजल्यावर आहे, मोठा पंप हवा’ हे इथे लागू नाही. पूर्ण भरलेल्या वर्तुळात जितकं पाणी वर चढतं तितकंच दुसऱ्या बाजूने खाली येतं, त्यामुळे उंचीचा भार पंपावर नसतो. पंपाला फक्त पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह आणि कॉइल यांच्या घर्षणाशी झुंजायचं असतं. म्हणूनच ५० ते १०० वॅटचा पंप पुरतो.

आधी आग

पंप थांबलाय असं कळताच पान्हा घ्यायला धावू नका. भट्टीची हवेची झडप बंद करा, ब्लोअर असेल तर तो बंद करा, दार घट्ट लावा. दार उघडं ठेवलं तर हवा आत जाऊन आग भडकते. धुराड्याची झडप मात्र पूर्ण बंद करू नका, नाहीतर विषारी धूर शेडमध्ये साठतो. निखारे फार असतील तर लांब दांड्याच्या खोऱ्याने लोखंडी घमेल्यात ओढून मोकळ्या जागी राखेखाली झाका. भट्टीत पाणी ओतू नका. तापलेला पत्रा वाकतो, वेल्डिंगला चीर जाते आणि उसळलेली वाफ तोंडावर येते.

एक्स्पान्शन टाकीत पाणी दिसत असेल तर थोडं थोडं भरत राहा. पण पातळी दाखवणारी काच रिकामी झाली असेल आणि बॉयलर तापलेला असेल, तर थंड पाणी अजिबात सोडू नका. कोरड्या लाल पत्र्यावर पाणी पडलं की क्षणात वाफ होते आणि व्हेंट पाइपला ती पेलत नाही. अशा वेळी सगळ्यांना शेडबाहेर काढा आणि बॉयलर थंड होऊ द्या. व्हेंट पाइपच्या तोंडावर झाकण, कॉक, किंवा ‘पाणी उडतं’ म्हणून ठोकलेली लाकडी खुंटी दिसली, तर ती दुरुस्ती नसून बॉम्ब बनवण्याची तयारी आहे. पाणी का उडतं याचं उत्तर पुढे आहे.

पंप सुरू झाला तरी बॉयलर ८० अंशांच्या खाली आल्याशिवाय फिरवू नका. घरातली लाइन सीपीव्हीसीची (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपची) असेल तर तिची मर्यादा साधारण ८२ अंश असते. त्याहून गरम पाणी गेलं की पाइप मऊ पडून दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ धरतो आणि तो झोळ पुढे कायमचा हवेचा अड्डा होतो. बॉयलरपासून पहिले दोन मीटर तरी जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) किंवा तांब्याचेच असावेत.

हाताशी काय ठेवायचं

मल्टिमीटर (मायक्रोफॅरॅड मोजणारा), टेस्टर, रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, दोन पाइप पान्हे, पंपाच्या मापाची रबर वॉशरची जोडी, टेफ्लॉन टेप, बादली, जाड हातमोजे आणि तापमानाची गन. गन वापरताना एक अडचण येते. चकचकीत तांब्यावर किंवा नव्या जीआयवर ती १०-२० अंशांनीही चुकते. पाइपवर काळ्या इन्सुलेशन टेपचा वेढा द्या आणि त्यावर गन रोखा. जाणाऱ्या आणि परतीच्या दोन्ही पाइपांवर अशा पट्ट्या कायमच्या लावून ठेवल्या तर रोजचं काम अर्धं होतं.

पहिली दहा मिनिटं

पंपाची प्लेट वाचा. ‘२५-६०’ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा जोडणीचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि दुसरा जास्तीत जास्त हेड (पंप किती उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब देतो ते) डेसिमीटरमध्ये, म्हणजे ६ मीटर. पुढे १८० असेल तर ती पंपाची दोन तोंडांमधली लांबी मिलिमीटरमध्ये. ग्रुंडफॉस, विलो यांसारख्या कंपन्यांचे लहान पंप याच पद्धतीने ओळखले जातात. बदली पंप मागवताना हे तीन आकडे आणि बॉडी कशाची आहे एवढं सांगितलं की दुकानदाराला पुरतं.

आता कान आणि गन. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या मधोमध टेकवून मूठ कानाला लावा. सलग हलका घूं आवाज म्हणजे रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) फिरतोय. जड गुणगुण आणि बॉडी जास्त तापलेली म्हणजे वीज येते पण रोटर अडलाय. काहीच नाही म्हणजे वीजच नाही.

मग दोन पाइपांचं तापमान घ्या. जाणारा ७५, परतीचा ६५ असेल तर प्रवाह ठीक. जाणारा ८५ आणि परतीचा ५० असेल तर पाणी फारच हळू फिरतंय. जाणारा पाइप बॉयलरजवळ तापलेला पण दोन-तीन मीटरवर थंड असेल तर प्रवाह जवळपास शून्य. दोन्ही पाइप ७० च्या आसपास आणि फरक फक्त दोन-तीन अंश, तरी नळाला कोमट पाणी, असं असेल तर पंपाला हात लावू नका. तो आपलं काम चोख करतोय, उष्णता कॉइलमधून बाहेर पडत नाहीये.

या फरकातून उष्णताही काढता येते. मिनिटाला लिटर गुणिले अंशांचा फरक गुणिले ०.०७, की किलोवॅट मिळतात. २० लिटर आणि १० अंश म्हणजे १४ किलोवॅट. ५०० लिटरची टाकी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २३ किलोवॅट-तास लागतात, म्हणजे १४ किलोवॅटने पावणेदोन तासांच्या आत टाकी तापायला हवी. आपल्याकडे किती लागतात ते एकदा सगळं चांगलं चालू असताना मोजा आणि शेडच्या भिंतीवर रंगाने लिहा. पुढे बिघाड शोधताना तो आकडा फार उपयोगी पडतो.

पंप एकदम शांत

एमसीबी, प्लग, स्विच पाहून झाल्यावर पाइपवरचा थर्मोस्टॅट पाहा. बहुतेक ठिकाणी पाणी ६० अंशांपर्यंत तापल्यावरच पंप सुरू व्हावा म्हणून पाइपला क्लिपने थर्मोस्टॅट लावलेला असतो. तो योग्यच आहे. थंड बॉयलरमधून पाणी फिरवलं, परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली राहिलं, तर भट्टीच्या आतल्या पत्र्यावर धुरातला ओलावा घाम धरतो, त्यातून डांबर साचतं आणि पत्रा कुजतो. पण क्लिप सैल झाली, मध्ये धूळ गेली, की थर्मोस्टॅटला पाइपचं खरं तापमान कळत नाही. पाइप घासून, उष्णता वाहणारी पेस्ट लावून क्लिप पुन्हा आवळा. तपासणीपुरता थर्मोस्टॅट शून्यावर आणा. पंप चालू झाला तर दोष तिथेच होता.

मग पंपाच्या डबीपर्यंत २३० व्होल्ट येतात का ते मोजा. शेतीपंप चालू असलेल्या वेळात गावाकडच्या लाइनवर १८०-१९० व्होल्टही दिसतात, त्यावर लहान पंप नुसता गुणगुणतो. २०७ च्या खाली व्होल्टेज वारंवार जात असेल तर छोटा स्टॅबिलायझर बसवा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर हवाच, पण साइन वेव्ह. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर हे पंप तापतात आणि आवाज करतात. १५० अँपिअर-तासाच्या एका चांगल्या बॅटरीवर १०० वॅटचा पंप आठ-दहा तास निघतो, म्हणजे पावसात रात्रभर लाइट गेली तरी आग आटोक्यात राहते. पंख्याचा रेग्युलेटर लावून पंपाचा वेग कमी करण्याचा उद्योग कुणी केलेला असेल तर तो काढून टाका. वेग बदलायला पंपावरच तीन टप्प्यांचं बटण असतं.

वीज डबीपर्यंत येते आणि तरी काहीच नाही, तर लाइन बंद करून वाइंडिंगचे ओहम मोजा. मीटरवर ‘ओएल’ दिसलं तर वाइंडिंग तुटली. बॉडी आणि टर्मिनलमध्ये थोडेच ओहम दिसले किंवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सतत पडत असेल, तर आत पाणी शिरलंय. ओल नुसती डबीतच असेल तर पुसून, वाळवून, केबलची ग्लँड आवळून पंप वाचतो. केबल डबीत शिरण्याआधी तिला खाली एक वळण द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी वळणावरच टपकतं. महाबळेश्वरच्या पावसात धुकंसुद्धा शेडमध्ये पाणी होऊन गळतं.

असे पंप शक्यतो वाइंडिंगला देऊ नका. यात रोटर पाण्यातच फिरतो आणि वाइंडिंगला वेगळं ठेवणारा स्टीलचा पातळ डबा असतो. मोनोब्लॉकसारखा हातोड्याने ठोकला की तो डबा पिचतो आणि नवी वाइंडिंगही आठवड्यात ओली होते.

गुणगुणतो पण फिरत नाही

इथे दोनच संशयित: अडकलेला रोटर आणि कंडेन्सर.

पंपाची वीज काढा, दोन्ही बाजूंचे बॉल व्हॉल्व्ह बंद करा, पाणी ४० अंशांच्या खाली येऊ द्या. मोटारीच्या तोंडावर मधोमध मोठा खाचेचा स्क्रू असतो. खाली फडकं धरून तो सोडवा. थोडं पाणी येईल. आत शाफ्टच्या टोकाला खाच दिसते. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट दोन्ही दिशांना हळू फिरवा. पहिल्यांदा कर्रकन सुटतो, मग मोकळा फिरतो. रबरी रिंग नीट बसवून स्क्रू लावा, व्हॉल्व्ह उघडा, पंप तिसऱ्या वेगावर सुरू करा. काही नव्या इलेक्ट्रॉनिक पंपांना हा स्क्रू नसतो, त्यांचे चार बोल्ट सोडवून मोटार बॉडीपासून वेगळी करावी लागते.

हाताने सुटला आणि पुन्हा दोन दिवसांत अडला, तर रोटर बाहेर काढून पाहावाच लागतो. पांढरा टणक थर म्हणजे क्षार. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत विरघळवून त्यात रोटर आणि इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. खरवडायला ब्लेड वापरू नका, सिरॅमिकच्या बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्यावर) ओरखडा पडला की पंपाचा आवाज कधीच जात नाही. काळी बारीक पूड असेल तर तो लोखंडाचा गंज आहे आणि चुंबक असलेल्या पंपांत तो रोटरला चिकटून बसतो. तांबडा गाळ असेल तर भरणाच्या पाण्यातून जांभ्याची माती येतेय. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी मऊ असलं तरी पावसाळ्यात मातीने लाल होतं. खाली वाळवा-मिरजेच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी याच्या उलट, दिसायला स्वच्छ आणि क्षाराने भरलेलं. तिथे बॉयलरची लाइन बोअरच्या पाण्याने भरण्यापेक्षा गच्चीवरून गोळा केलेलं पावसाचं पाणी गाळून भरणं कितीतरी चांगलं. एकदा भरलं की तेच फिरणार आहे, दोनशे-तीनशे लिटर जमवणं अवघड नाही.

आणि हेही बघा, की ते खरंच तेच पाणी आहे का. एक्स्पान्शन टाकीचा बॉल कॉक दिवसभर थोडा थोडा वाहत असेल तर कुठेतरी गळती आहे. रोज येणारं ताजं पाणी रोज ताजा ऑक्सिजन आणि ताजा क्षार घेऊन येतं आणि ओतीव लोखंडाचा पंप दोन-तीन हंगामांत जाम होतो. गळती न शोधता पंप बदलत राहणं म्हणजे पैसे वाया.

शाफ्ट मोकळा आहे, हाताने गती दिली की पंप चालू होतो, पण स्वतःहून होत नाही, तर कंडेन्सर. डबीत लहानसा पांढरा किंवा काळा डबा असतो आणि त्यावर २, २.५, ३ असे मायक्रोफॅरॅड लिहिलेले असतात. वीज काढून, होल्डरमध्ये बसवलेल्या जुन्या बल्बमधून तो डिस्चार्ज करून मीटरला लावा. लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर बदला. तोच आकडा आणि ४०० व्होल्ट किंवा जास्त एसी असलेला घ्या. पंख्याचा कंडेन्सर हाताशी आहे म्हणून कुठलाही लावू नका. आकडा जुळला तरच चालतो.

फिरतो, पण पाणी पुढे जात नाही

नवख्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून एक खात्रीची चाचणी शिकून घ्या. पंपाच्या दोन्ही तोंडांजवळ प्रेशर गेज असतील, किंवा टी आणि छोटा कॉक देऊन बसवता येत असतील, तर पंप तिसऱ्या वेगावर चालू ठेवून पुढचा व्हॉल्व्ह फक्त १५-२० सेकंद पूर्ण बंद करा. ६ मीटरच्या पंपाने दोन गेजमध्ये ०.५ ते ०.६ बारचा फरक दाखवायला हवा. दाखवला तर पंप ठणठणीत आहे, अडथळा लाइनमध्ये शोधा. ०.२ वगैरेच दाखवला तर इम्पेलर झिजलाय, शाफ्टवर सैल झालाय किंवा पंपाच्या पोटात हवा आहे.

लाइनमध्ये शोधताना आधी वाय स्ट्रेनरची जाळी. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून खालची टोपी सोडा आणि जाळी धुवा. नव्या कामात पहिल्या आठवड्यात रोज धुवावी लागते, कारण वेल्डिंगचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि सीपीव्हीसीचा भुसा सगळा तिथेच येतो. जाळीच नसेल तर हा माल इम्पेलरच्या तोंडात अडकलेला असतो.

मग व्हॉल्व्ह. पितळी गेट व्हॉल्व्हची चकती कधी कधी तुटून आतच पडते. मूठ ‘उघडा’ म्हणते आणि आत मार्ग बंद. एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) उलटा बसलाय का ते बाणावरून पाहा. पंपाच्या बॉडीवरचा बाणही त्याच वेळी पाहून घ्या. उलटा बसवलेला पंप फिरत राहतो, पण पाणी उलट्या बाजूने ढकलतो आणि एनआरव्ही ते अडवतो. एनआरव्हीची झडप उघडी राहून अडकली, तर वेगळंच दुखणं. रात्री आग विझल्यावर टाकीच्या कॉइलमधलं गरम पाणी आपोआप थंड बॉयलरकडे वाहतं आणि सकाळी टाकी गार. पंपाचा दोष काहीच नसताना शिव्या त्यालाच मिळतात.

आता हवा. ‘पंपाने हवा धरली’ असं आपण सरसकट म्हणतो, पण हवा बहुतेक वेळा पंपात नसते, पाइपच्या उंचवट्यावर असते. दारावरून वर जाऊन खाली उतरलेला पाइप, तुळईला वळसा घालून गेलेला पाइप, झोळ धरलेली सीपीव्हीसी: प्रत्येक उंचवट्यावर हवेचा फुगा बसतो आणि लहान पंपाचं हेड तो फुगा ढकलायला पुरत नाही. पाइपला मीटरमागे अर्धा सेंटिमीटर सलग चढ द्या आणि सर्वांत उंच जागी एअर व्हेंट (हवा सोडायचा छोटा कॉक) ठेवा. हवा काढताना:

१. आग नसताना, पंप बंद ठेवून बॉयलरच्या खालच्या कॉकमधून हळू पाणी भरा. वरून भरलं तर हवा खालीच अडकते.

२. सर्वांत खालच्या एअर व्हेंटपासून सुरुवात करून एकेक उघडा, सलग पाणी आलं की बंद करा आणि मगच वरच्याकडे जा.

३. पंप तिसऱ्या वेगावर दोन मिनिटं चालवा आणि दोन मिनिटं बंद ठेवा. असं चार-पाच वेळा केलं की प्रत्येक विश्रांतीत फुगे वर चढतात.

४. छोटी आग करून पाणी ६०-७० अंशांवर आणा आणि एअर व्हेंट पुन्हा उघडा. थंड पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते, म्हणून ही दुसरी फेरी टाळू नका.

५. सगळं नीट चालल्यावर वेग दुसऱ्यावर आणा. जाणाऱ्या आणि परतीच्या पाइपांतला फरक १० ते १५ अंशांत राहत असेल तर तिसऱ्या वेगाची गरज नाही.

खडे घुसळल्यासारखा आवाज

बॉयलर तापल्यावर पंपातून खडे घुसळल्यासारखा आवाज येतो, पाणी पुढे जाईनासं होतं, आणि आग मंदावली की सगळं पुन्हा सुरळीत, असं असेल तर पंपाच्या मागच्या, पाणी ओढणाऱ्या तोंडाशीच पाण्याची वाफ होतेय. डोंगरावर हा त्रास जास्त होतो आणि सपाटीवरच्या प्लंबरच्या तो लवकर ध्यानात येत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे पाणी १०० नव्हे, ९५ अंशांच्या थोडं वर उकळतं. पाचगणीतही जवळपास तेच. सांगलीत मात्र ९८ च्या आसपास. म्हणजे सांगलीत बिनतक्रार चाललेली मांडणी महाबळेश्वरात जशीच्या तशी केली, की ती कुरकुरते.

लहान पंपांच्या माहितीपत्रकांत तोंडाशी किती दाब हवा ते दिलेलं असतं. साधारणपणे ७५ अंशांना अर्धा मीटर पाण्याचा, ९० अंशांना २.८ मीटरचा. हे आकडे सपाटीचे. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाबच दीड मीटर पाण्याइतका कमी असतो, म्हणून तो त्यात मिळवायचा. म्हणजे ७५ अंशांना एक्स्पान्शन टाकीतलं पाणी पंपाच्या वर किमान २ मीटर हवं आणि ९० अंशांना सव्वाचार मीटर. शेडच्या छताखाली सव्वाचार मीटर मिळत नाहीत. त्यामुळे डोंगरावर बॉयलर ७५ च्या पुढे न नेणं आणि पंप जितका खाली बसवता येईल तितका बसवणं, हाच शहाणा मार्ग.

पंप कुठल्या पाइपवर, हा वादाचा विषय आहे. ‘परतीच्या पाइपवर, कारण तिथे पाणी गार असतं’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो एका अटीवर बरोबर आहे: एक्स्पान्शन टाकीची जोडणी पंपाच्या मागच्या तोंडाजवळ असली पाहिजे. आपल्या उघड्या बॉयलरांत टाकी बॉयलरच्या माथ्यावर असते. अशा वेळी पंप परतीला लावला, की तो सगळ्या लाइनचं घर्षण ओढून घेतो, तोंडाशी दाब दोन-तीन मीटरने पडतो आणि गार पाण्याचा फायदा त्यात बुडतो. ढिल्या सांध्यांतून हवाही ओढली जाते. त्याऐवजी बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपवर, बॉयलरच्या अगदी जवळ, जमिनीलगत पंप लावा. मागचा पाइप आखूड, सरळ, पूर्ण मार्गाच्या बॉल व्हॉल्व्हचा ठेवा. माथ्यावरून निघालेला पाइप पंपासाठी खाली आणला तरी चालतो, मात्र वळणाच्या सर्वांत उंच जागी एअर व्हेंट हवाच.

व्हेंट पाइपमधून पाणी उडण्याचं कारणही बहुतेकदा हेच. व्हेंट पंपाच्या पुढच्या बाजूला जोडला गेला असेल, तर पंप व्हेंटमध्येच पाणी चढवतो आणि ते टाकीत ओतत राहतो. त्या ओतण्यात पाणी सतत हवा पीत राहतं. जोडणी बदला किंवा पंपाचा वेग एक टप्पा कमी करा. व्हेंट बंद करणं हा उपाय नाही.

पंप चांगला, तरी पाणी कोमट

कॉइलवर क्षार बसला असेल तर जाणारा आणि परतीचा पाइप जवळपास सारखेच तापतात, हे वर आलंच. बॉयलर आणि इमारत यांच्यामधली जमिनीखालची लाइनही तपासा. पाइपच्या दोन टोकांना तापमान घ्या. तीसेक मीटरमध्ये एक-दोन अंशांहून जास्त पडत असेल तर इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलंय आणि तुमचं जळण माती तापवतंय. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे प्रत्येक ओंडका जपून वापरायला हवा. ओलं लाकूडही तपासा. फोडून पावसाआधी वाळवलेलं आणि झाकून ठेवलेलं नसेल, तर बरीच उष्णता लाकडातलं पाणी उडवण्यातच जाते.

नवा पंप बसवताना

शाफ्ट आडवाच हवा. बुशला वंगण पाण्याचं असतं. मोटार उभी ठेवली तर वरच्या बुशपाशी हवा राहते आणि तो कोरडा घासतो. वायरची डबी पंपाच्या खाली येऊ देऊ नका. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइप न कापता सुटणारे जोड) दिल्या तर पुढच्या वेळी संपूर्ण लाइन रिकामी करावी लागत नाही. नळाचं पाणी थेट फिरवणारा पंप असेल, म्हणजे खोल्यांच्या लाइनमध्ये गरम पाणी तयार ठेवणारा, तर बॉडी ब्रॉन्झ किंवा स्टेनलेस स्टीलचीच घ्या. ओतीव लोखंड फक्त बंद वर्तुळासाठी. थंड पाण्याचा अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक स्वस्त पडतो म्हणून लावू नका. त्याचं सील गरम पाण्यात टिकत नाही आणि वीज चार-पाचपट जाते.

पंपाला वळसा घालणारा बायपास पाइप आणि त्यावर हलक्या झडपेचा एनआरव्ही द्या. टाकी बॉयलरच्या वर असेल तर पंप थांबल्यावरही गरम पाणी स्वतःच्या हलकेपणाने थोडं फिरत राहतं आणि उकळी लांबते.

पावसाळ्यात बंद ठेवताना

जून ते सप्टेंबर लॉज बंद राहणार असेल तर लाइन रिकामी करू नका. ओला, हवा लागलेला पाइप भरलेल्यापेक्षा लवकर गंजतो. राख मात्र पूर्ण काढा, कारण ओल्या राखेने भट्टीचा तळ खाल्ला जातो. धुराड्यावर टोपी घाला. राखणदाराला सांगून आठवड्यातून एकदा पाच मिनिटं पंप चालवा. त्यासाठी थर्मोस्टॅटला समांतर एक साधा स्विच ठेवा. ऑक्टोबरमध्ये पहिली आग लावण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून पाहा, जाळी धुवा, कंडेन्सर मोजा, एनआरव्हीची झडप हलते का बघा. एक कंडेन्सर, एक थर्मोस्टॅट आणि वॉशरची जोडी शेडमध्ये डब्यात ठेवा, कारण दिवाळीच्या गर्दीत रात्री नऊ वाजता वाई किंवा साताऱ्याला उतरून हे सुटे भाग मिळत नाहीत.